काळ्या वाळूतली पाहणी : ज्वालामुखीच्या बेटाभोवतीचे समुद्रजीव कसे बघायचे

परभणीत माझं खतं-बियाणं-औषधांचं दुकान आहे. हंगामात दिवसाला दहा जण कापसाचं एखादं पान आणून काउंटरवर ठेवतात. "बघा बरं भाऊ, कशानं चुरगळलं?" पान उलटं करायचं, शिरेच्या कडेला बघायचं, उजेडात तिरपं धरायचं. मावा असतो, तुडतुडा असतो, फुलकिडे असतात. न हलणारं काय नि हलणारं काय, एवढंच डोळ्यांना शिकवावं लागतं. वीस वर्षं मी हेच करतोय, आणि त्याचा समुद्राशी काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मग बालीच्या तुलांबेन गावी, बारा मीटर खोल पाण्यात, गाइडनं एका पिसासारख्या वेलीकडे बोट केलं. वेलीवर एक काडी उलटी लोंबत होती आणि त्या काडीला डोळा होता. घोस्ट पाइपफिश नावाचा मासा. गाइडनं बोट खाली घेण्याआधीच मी मान हलवली, तसा तो मास्कच्या आत हसला.

हा लेख अशा डोळ्यांसाठी आहे. आपल्याकडचे बरेच जण शार्क नाहीतर देवमासा बघायचा म्हणून पैसे भरतात, पाण्याखाली पाऊण तास पाय झाडत पळतात आणि वर येऊन म्हणतात, "तिथं तर नुसती काळी वाळू होती." ज्वालामुखीच्या किनाऱ्यावरचा खरा माल त्या काळ्या वाळूतच असतो. तो कसा बघायचा, त्यासाठी घरून काय तयारी करायची आणि परत येताना काय टाळायचं, ते क्रमानं सांगतो.

बेट कोणतं निवडायचं

आपल्या देशातला एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानात आहे, बॅरन बेटावर. पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमपासून, ते सुमारे १३५ ते १४० किलोमीटरवर आहे. दीडशेहून जास्त वर्षं शांत राहून तो १९९१ साली पुन्हा पेटला आणि त्यानंतरही अधूनमधून राख-धूर ओकतोय. बेटावर वस्ती नाही, पाय ठेवायची मोकळीक नाही. भोवती बोटीतून डाइव्ह, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरणं, करता येतो, पण ते काम चांगल्या सरावाच्या माणसाचं. किनारा सरळ खोलात उतरतो, वादळ आलं तर आसरा नाही, मदत लांब. पन्नास-साठ डाइव्ह झाल्याशिवाय तिकडे जाऊ नये, असं माझं मत.

पहिल्यांदा जाणाऱ्यानं बाली धरावं. बेटाचा बहुतेक भाग ज्वालामुखींनी घडवलेला आहे. ईशान्य किनाऱ्यावर तुलांबेन आणि आमेद ही गावं आगुंग पर्वताच्या पायथ्याशी बसली आहेत. हा पर्वत तीन हजार मीटरहून उंच. १९६३ साली तो फुटला तेव्हा हजाराहून जास्त माणसं गेली. २०१७ साली पुन्हा उठला आणि विमानतळ बंद पडला. म्हणून तिकीट काढण्याआधी आगुंगची बातमी बघायची सवय ठेवा, जशी आपण पेरणीआधी पावसाची बघतो.

इथे बोट लागत नाही, ही मोठी सोय. किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं. सिलिंडर किनाऱ्यापर्यंत गावातल्या बाया आणतात, डोक्यावर चुंबळ ठेवून, कधी एकावर एक दोन. भरलेला सिलिंडर पंधरा किलोच्या पुढे जातो. दोन हंडे डोक्यावर घेऊन विहिरीचा चढ चढणारी माझी आजी मला तिथं आठवली. फरक इतकाच की या बायांना त्याची मजुरी मिळते. भाव करत बसू नका.

काळी वाळू म्हणजे आपलीच काळी

आपण ज्या जमिनीवर राहतो तीही लाव्ह्याचीच. दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून झाला. त्याच कातळातून वेरूळचं कैलास कोरलं आणि तोच झिजून कापसाची काळी माती झाली. बालीचा खडक जातीनं थोडा वेगळा आणि वयानं कालचा, पण झिजण्याची रीत तीच. तिथं तो समुद्राच्या लाटांनी झिजला म्हणून वाळू झाला.

या वाळूनं दोन गोष्टी होतात. एक म्हणजे, काळ्या पाटीवर रंगीत खडू उठून दिसावा तसे रंग दिसतात. दुसरी जास्त महत्त्वाची. वाळूवर लपायला आडोसा नाही, त्यामुळे इथं टिकलेल्या प्रत्येक जिवानं काहीतरी युक्ती शोधली आहे. कोणी बीळ करतो, कोणी पान बनतो, कोणी दुसऱ्याच्या पाठीवर बसतो, कोणी विषारी असल्याचं रंगानं ओरडून सांगतो. जिथं लाव्ह्याचा घट्ट खडक वर आलाय तिथं मात्र प्रवाळाला पाय रोवायला जागा मिळते, आणि मग भिंतीच्या भिंती फुलतात. त्यात बाली येतं त्या सागरी पट्ट्यात, जिथं जगातल्या दगडी प्रवाळांच्या जातींपैकी सुमारे तीन चतुर्थांश जाती सापडतात. बाली आणि लोंबोक यांच्यामधल्या खोल सामुद्रधुनीतून प्रशांत महासागराचं पाणी हिंदी महासागराकडे वाहतं आणि सोबत खाद्य आणतं.

घरून करायची तयारी

पहिली पायरी पोहणं. आमच्याकडे गंगाखेडच्या बाजूला पोरं विहिरीत शिकतात, पाठीला डबा बांधून. मीही तसाच शिकलो. पण विहिरीचं पोहणं म्हणजे मुटका मारायचा, चार हात टाकायचे आणि पायरी धरायची. डाइव्हिंगच्या कोर्सला न थांबता २०० मीटर पोहावं लागतं, वेळेची अट नाही, आणि कशालाही न धरता १० मिनिटं तरंगावं लागतं. हे दहा मिनिटांचं तरंगणं गड्यांना जड जातं. महिनाभर तलावात तेवढंच करा. हातपाय कमी हलवायची सवय लागली की पुढचं अर्धं शिकून झालं.

दुसरी पायरी डॉक्टर. कोर्सच्या आधी एक प्रश्नावली भरून घेतात. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, फुप्फुसाचा जुना आजार, यातलं काही असेल तर खरं लिहा आणि डॉक्टरांची सही आणा. पंचेचाळिशी ओलांडली असेल तर प्रश्न वाढतात. लपवून उतरण्यात शहाणपणा नाही. पाण्याखाली दम लागला तर रस्त्याच्या कडेला बसता येत नाही.

तिसरी पायरी कोर्स. इथं माझी एक जुनी तक्रार आहे. दहा वर्षांपूर्वी एका किनाऱ्यावर, नाव घेत नाही, मी 'स्कूबा' केला. एका पोरानं मागून टाकी धरून मला दहा मिनिटं पोत्यासारखं फिरवलं, तोंडासमोर पाव धरून मासे गोळा केले, व्हिडिओ काढला आणि वर आणलं. कान चार दिवस दुखत होता. त्याला डाइव्हिंग समजू नका. ओपन वॉटर नावाचा पूर्ण कोर्स करा: पुस्तकी भाग, तलावातला सराव आणि समुद्रात चार डाइव्ह. त्यानंतर १८ मीटरपर्यंत जोडीदारासोबत उतरता येतं. पुढचा अॅडव्हान्स्ड कोर्स केला की ३० मीटर. कोर्स तारकर्लीला होतो, अंदमानात होतो, आणि तुलांबेनलाही होतो. माझा सल्ला असा की पुस्तकी आणि तलावाचा भाग इकडे उरका, म्हणजे तिकडचे दिवस बघण्यात जातील. कोकणचा समुद्र पावसाळ्यात बंद असतो, ते लक्षात ठेवा.

सामानातल्या तीन बारीक गोष्टी सांगतो, ज्या मला कोणी सांगितल्या नव्हत्या. चाळिशीचा चष्मा लागला असेल तर मास्कच्या काचेला आतून चिकटवायची वाचनाची भिंगं घ्या. पाण्यात वस्तू तिच्या खऱ्या आकारापेक्षा सुमारे एक तृतीयांशानं मोठी दिसते, तरी दोन सेंटिमीटरचा समुद्रघोडा बघायला भिंग लागतंच. दुसरं, मिशी. भरघोस मिशी असली की मास्क गळतो. नाकाच्या लगत केसांची एक बारीक रेघ कापून घ्या, मिशी शाबूत राहते. तिसरं, टॉर्च, आणि तोही भर दिवसाच्या डाइव्हला. पाणी पहिल्यांदा लाल रंग खातं. दहा मीटरखाली लालभडक मासा मातकट दिसतो. टॉर्चचा झोत पडला की कुंकू सांडल्यासारखा रंग परत येतो.

विमा काढताना त्यात स्कूबा येतो का आणि किती खोलीपर्यंत, हे ओळ न ओळ वाचा. नेहमीच्या प्रवासविम्यात तो बऱ्याचदा वगळलेला असतो.

कधी आणि कसं

तुलांबेनचा चांगला काळ एप्रिल ते नोव्हेंबर. दुकानदार आणि शेतकऱ्याला मे सोयीचा. मृग निघायच्या आत परत. परभणीत पारा ४२ च्या पुढे असताना तिकडे पाणी २७-२९ अंश असतं, ३ मिलिमीटरचा वेटसूट, म्हणजे अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख, पुरतो. मार्चमध्ये जाणार असाल तर 'न्येपी'ची तारीख बघून घ्या. तो बालीतल्या शक वर्षाचा पहिला दिवस. त्या दिवशी २४ तास सगळं बेट बंद असतं, रस्ते, दिवे, विमानतळसुद्धा. शक म्हणजे तोच, ज्याचा आकडा आपल्या पंचांगावर छापतात. पैठण ज्यांची राजधानी त्या शालिवाहनांचं नाव आपण त्याला जोडतो. तिकडच्या गाइडला मी शकाचं वर्ष सांगितलं, ते त्याच्या दिनदर्शिकेशी जुळलं आणि आम्हा दोघांना उगाच नातेवाईक भेटल्यासारखं झालं.

परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबई किंवा हैदराबाद गाठायचं, तिथून विमानानं देनपसार. भारतीयांना व्हिसा उतरल्यावर मिळतो, शुल्क ५ लाख रुपिया. शून्यं बघून घाबरू नका. पर्यटकांचा दीड लाख रुपियाचा कर वेगळा. विमानतळावरून गाडीनं तुलांबेनला तीनेक तास. शाकाहारी माणसाची सोय होते. गाडो-गाडो म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याचा दाट रस्सा. शेंगदाण्याचं कूट घातल्याशिवाय भाजी न करणाऱ्या मुलुखातल्या माणसाला याहून काय हवं?

पाण्यात शिरताना

तुलांबेनच्या किनाऱ्यावर वाळू कमी आणि गुळगुळीत काळे गोटे जास्त. पाठीवर वीस किलो घेऊन त्यावरून चालताना पहिल्याच दिवशी माझी शोभा झाली. जाड तळाचे बूट घाला, लाटेकडे पाठ करून मागं मागं जा, गाइडचा हात धरायला लाजू नका. कमरेइतक्या पाण्यात गेल्यावर फिन्स, म्हणजे पायातले पंख, चढवा.

कान. जसजसं खाली जाल तसतसा दाब वाढतो, दर दहा मीटरला एका वातावरणाइतका. नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारा, कान 'टुक' करून मोकळा होतो. दुखायला लागल्यावर नाही, त्याच्या आधीच, दर मीटरभराला. नाही झालं तर मीटरभर वर या आणि परत करून बघा. सर्दी असेल तर त्या दिवशी किनाऱ्यावर बसा. गोळी खाऊन उतरू नका, गोळीचा असर खालीच संपला तर वर येताना कान अडकतो.

श्वास. कधीच रोखायचा नाही, एवढा एक नियम पाठ करा. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते. संथ, लांब श्वास घ्या. दोनशे बार दाबानं भरलेली टाकी घाबरलेला माणूस पंचवीस मिनिटांत संपवतो, शांत माणूस तासभर पुरवतो. जास्त वेळ खाली म्हणजे जास्त बघणं, हा सरळ हिशेब.

तोल. ना वर ना खाली, अधांतरी राहायला शिकणं हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गरजेचं. खारं पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा जड, म्हणून तलावात खाली जायला जेवढं शिशाचं वजन लागलं त्यापेक्षा साधारण दोन किलो जास्त लागतं. वाळूपासून हातभर वर राहा, डोकं किंचित खाली, पाय गुडघ्यात वर दुमडलेले. पाय बेडकासारखे मारा, वर-खाली नको. एका चुकीच्या फटकाऱ्यानं काळ्या वाळूचा असा धुरळा उठतो की पाच मिनिटं कोणालाच काही दिसत नाही आणि मागून येणारे तुमच्या नावानं बोटं मोडतात.

वाळूची पाहणी

आता मुख्य काम. पीक बघताना आपण शेतात धावत नाही. चार-पाच ठिकाणं निवडतो आणि तिथली झाडं नीट बघतो. इथंही तसंच. पन्नास मिनिटांत शंभर मीटरपेक्षा जास्त जाऊ नका. वाळूवर जे काही वेगळं दिसतंय, एखादा दगड, समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा, बोटाबोटांचा प्राणी), बुडालेली फांदी, तिथं थांबा आणि दोन मिनिटं फक्त बघा. पहिलं अर्धं मिनिट काही दिसणार नाही, कारण सगळे तुम्हाला बघून आत गेलेले असतात.

सुरुवात बिळांपासून करा. बोटाएवढ्या बिळाच्या तोंडाशी एक छोटा गोबी मासा बसलेला दिसेल. थोडं थांबलात तर आतून झिंगा बाहेर येतो आणि बुलडोझरसारखी वाळू ढकलून टाकतो. बीळ खणायचं काम झिंग्याचं, पण त्याची नजर अधू. राखणीचं काम माशाचं. झिंगा बाहेर असताना त्याची एक मिशी सतत माशाच्या अंगाला टेकलेली असते. धोका दिसला की मासा शेपटी थरथरवतो, झिंगा आत, पाठोपाठ मासाही आत. एकाचं बीळ, दुसऱ्याची जागल. आपल्याकडे अशी वाटेकरी कोर्टात न जाता निभावली तर गावभर चर्चा होईल. तीन मीटरवरून बघा, सावली बिळावर पडू देऊ नका.

उतारावर पुढे गेलात की वाळूतून बांगडीएवढ्या अंतरानं काड्या उगवलेल्या दिसतील, वाऱ्यावर डोलल्यासारख्या, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. त्या वाम माशांच्या जातीच्या गार्डन ईल. प्रवाहातून येणारं खाद्य टिपतात. त्यांची तोंडं ज्या बाजूला, तिकडून प्रवाह येतोय, हे गाइडनं सांगायच्या आधी तुम्हाला कळेल. जवळ गेलात की सगळं ज्वारीचं रान एकदम जमिनीत गडप.

समुद्रफूल दिसलं की त्याच्या तीन मजल्यांवर बघा. वरती क्लाउनफिश, जो सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्यातला सगळ्यात मोठा मासा मादी असतो, ती मेली की तिचा नर मादी होतो आणि पुढचा क्रमांक वर सरकतो. मधल्या भागात, फुलाच्या बोटांमध्ये, काचेसारखे पारदर्शक झिंगे. आणि बुडाशी पोर्सेलिन खेकडा, जो तोंडाजवळची जाळी पंख्यासारखी फेकून पाणी गाळत बसतो. बहुतेक लोक वरचा मजला बघून फोटो काढतात आणि निघतात.

दगडाच्या कपारीत लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे झिंगे मिश्या हलवत बसलेले असतील तर ते दुकान आहे असं समजा. मोठे मासे तिथं येऊन तोंड उघडतात, कल्ले पसरतात आणि झिंगे आत शिरून दातांतलं नि कल्ल्यांतलं साफ करतात. खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या गिऱ्हाइकासारखा मासा निवांत असतो, कित्येकदा रंगही बदलतो. हेच काम निळ्या पट्ट्याचा एक बारका मासाही करतो, आणि हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा एक लबाड ब्लेनी त्याच्या नावावर जवळ येऊन गिऱ्हाइकाचा लचका तोडतो. बनावट बियाणं विकणारे समुद्रातही आहेत हे बघून मला दुःख झालं नाही, जरा बरंच वाटलं.

मग येतात न हलणारे. फ्रॉगफिश हा स्पंजाचा गोळा वाटतो. कपाळावरची काडी आणि तिच्या टोकाचं आमिष हलवून तो शिकार जवळ बोलावतो, आणि तोंड इतक्या झटक्यात उघडतो की आपल्या डोळ्यांना फक्त एवढंच कळतं की समोरचा मासा होता तो आता नाही. त्याला ओळखायची खूण म्हणजे कोपरासारखे वाकलेले पंख आणि चुकीच्या जागी असलेलं तोंड. न्यूडिब्रँक, म्हणजे शंख टाकून दिलेल्या समुद्री गोगलगाई, या मात्र लपत नाहीत. जांभळ्या, केशरी, ठिपकेवाल्या. भडक रंग ही त्यांची विषाची पाटी. त्यांच्या पाठीवर नीट बघा. कधी कधी एम्परर झिंगा माहूत बसावा तसा बसलेला असतो.

पंख्यासारखं मोठं प्रवाळ दिसलं तर बटू समुद्रघोडा शोधायचा. दोन सेंटिमीटरच्या आतला, अंगावर त्याच प्रवाळासारख्या गाठी. गाइडलाच शोधू द्या. आपण शोधायला गेलो तर हात लागून फांदी मोडते. दोन फोटो घ्या, फ्लॅश वारंवार मारू नका, पुढच्याला जागा द्या.

आणि करवंट्या. वाळूवर नारळाची अर्धी करवंटी पडलेली दिसली तर पुढे जाऊ नका. बालीच्या आणि सुलावेसीच्या पाण्यातला एक ऑक्टोपस अशा करवंट्या पोटाखाली घेऊन, पायांच्या टोकांवर उभा राहून चालतो आणि गरज पडली की दोन करवंट्यांच्या आत स्वतःला मिटून घेतो. २००९ साली संशोधकांनी हे मांडलं तेव्हा बिनकण्याच्या प्राण्यानं अवजार वापरल्याचं उदाहरण म्हणून ते गाजलं. मला तो पाचव्या दिवशी दिसला. आधीचे चार दिवस मी प्रत्येक करवंटीपाशी देवळासमोर थांबल्यासारखा थांबत होतो.

बुडालेलं जहाज

तुलांबेनचं नाव जगात झालं ते लिबर्टी या अमेरिकी मालवाहू जहाजामुळे. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागला, ओढत आणून किनाऱ्याला लावलं, आणि एकवीस वर्षं ते तिथंच पडून होतं. १९६३ च्या उद्रेकातल्या हादऱ्यांनी ते घसरून समुद्रात गेलं. सव्वाशे मीटर लांबीचा हा सांगाडा किनाऱ्यापासून दगड मारायच्या अंतरावर, पाच ते तीस मीटर खोलीत आडवा पडलाय.

इथं एकदाच जायचं असेल तर पहाटे जा. सहाच्या आत पाण्याशी. डोक्यावर टेंगूळ असलेले मोठे पोपटमासे, त्यातले काही एक मीटर लांबीचे, रात्री जहाजाच्या पोटात झोपतात आणि उजाडताना म्हशींच्या कळपासारखे सावकाश बाहेर पडतात. ते प्रवाळ चावतात, तो कुरकुर आवाज पाण्यात ऐकू येतो. आठ वाजल्यापासून दक्षिण बालीतून गाड्या भरून माणसं येतात, मग जहाजावर आठवडी बाजार. त्या वेळी तुम्ही काळ्या वाळूकडे वळा. जहाजाच्या आत शिरण्याचं वेगळं प्रशिक्षण असतं, ते नसेल तर बाहेरूनच बघा. बाहेर बघायला भरपूर आहे: चांदीच्या भिंतीसारखा फिरणारा ट्रेव्हलींचा थवा, पत्र्यावर चढलेली प्रवाळं, एकटा दबा धरून असलेला बॅराकुडा.

रात्रीचा डाइव्ह दिवसाउजेडीचे दहा-बारा डाइव्ह झाल्यावर ठेवा. टॉर्च विझवून हात हलवला की पाण्यात ठिणग्या उडतात, त्या सूक्ष्म जीवांच्या उजेडाच्या. काही पोपटमासे स्वतःभोवती चिकट पारदर्शक पिशवी विणून झोपतात, मच्छरदाणीच म्हणा. त्यांच्या डोळ्यांवर झोत मारू नका.

हात कुठे ठेवायचे

छातीशी बांधून. वाळूत स्टोनफिश दगडासारखा पडलेला असतो आणि त्याच्या पाठीवरच्या काट्यांत जबरी विष असतं. लायनफिशचे झालरीसारखे पंख देखणे, काटे तेवढेच वाईट. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या आत, तो भाग तास-दीड तास बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. सुंदर नक्षीचे शंकूसारखे शंख उचलू नका, त्यातली गोगलगाय विषारी भाला मारते. निळ्या कड्यांचा छोटा ऑक्टोपस लांबून बघायचा.

अंगावर धावून चावणारा म्हणजे टायटन ट्रिगरफिश, आणि तोही अंड्यांवर असताना. त्याची हद्द घरट्यापासून वर उलट्या शंकूसारखी पसरते. म्हणून तो अंगावर आला तर वर पळू नका, वर त्याचीच हद्द रुंद होत जाते. आडवं निघा, फिन्स त्याच्याकडे ठेवून.

वर येणं, आणि डोंगर

टाकीत ५० बार उरायच्या आत वर आलेलं असावं. मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जलद चढू नका, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा. कारण गोटी सोड्याच्या बाटलीत आहे. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन गोटी एकदम दाबल्यासारखा फसफसला की सांधे, मज्जारज्जू, काहीही धरू शकतो. डाइव्हनंतर सांधेदुखी, मुंग्या किंवा विचित्र थकवा आला तर 'प्रवासाचा शीण' म्हणून झोपू नका. गाइडला लगेच सांगा, ऑक्सिजन मागा. यावर उपचार करायची दाबाची खोली देनपसारला आहे.

याच कारणानं शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमान नाही, मी चोवीस धरतो. विमानाचं सगळ्यांना माहीत असतं, डोंगराचं नसतं. सकाळी डाइव्ह आणि रात्री आगुंग किंवा बातूरची चढाई, असं पॅकेज विकणारे भेटतात. नको म्हणा. उंची चढणं म्हणजे दाब कमी होणं, मग ते विमानानं असो की पायानं. आपल्या माणसांनी हे कोकणातही लक्षात ठेवायला हवं. मालवणला दुपारी डाइव्ह करून लगेच गाडी काढली तर तास-दोन तासांत तुम्ही आंबोलीच्या घाटमाथ्यावर, सुमारे सातशे मीटर उंचीवर असता. रात्र मालवणला काढा, मासे खा, सकाळी निघा.

तुलांबेनला हा कोरडा दिवस घालवायला जागा आहे. आमेद आणि कुसांबाच्या किनाऱ्यावर अजून जुन्या पद्धतीनं मीठ करतात. समुद्राचं पाणी काळ्या वाळूवर शिंपायचं, उन्हात वाळू तापवायची, तिच्यातून दाट खारं पाणी गाळायचं आणि माडाच्या कोरलेल्या खोडात भरून वाळवायचं. कुसांब्याच्या एका म्हाताऱ्याकडून मी किलोभर घेतलं. आईनं चिमूटभर जिभेवर ठेवून बघितलं, म्हणाली, "लई खारट न्हाई." आता ते लोणच्याच्या बरणीशेजारी असतं.